यांना सांगा

“दळेबाई, यांना सांगा, खिडकी लावून घ्या. कागद उडताहेत.”

‘या’ म्हणजे सोनटक्के बाई. त्या त्याच टेबलाशी, बोरावके सरांपासून हातभर अंतरावर बसल्या होत्या आणि खिडकीचं दार त्यांच्या कोपराला लागत होतं. सर आमचे मुख्याध्यापक, बाई पर्यवेक्षिका. आणि मी रोहिणी दळे, शाळेतली सगळ्यात नवी शिक्षिका, दोघांच्या मधल्या स्टुलावर.

“बाई,” मी म्हणाले, “सर म्हणतात, खिडकी लावून घ्या. कागद उडताहेत.”

बाईंनी आत्ताच ऐकल्यासारखी मान वळवली. “सांग त्यांना, मला उकडतंय. टेबलावर पेपरवेट कशाला ठेवलाय, सुपारी फोडायला?”

“सर, बाई म्हणतात, त्यांना उकडतंय. आणि पेपरवेट…”

“कळलं, कळलं,” सर म्हणाले.

म्हणजे आता कळलं. मघाशी बाई बोलल्या ते सरांच्या कानावर पडलं होतं, पण पोचलं नव्हतं. आमच्या शाळेचा नियमच होता तो. निरोप मधल्या माणसाच्या तोंडून आला, तरच तो आला. बाकीचे शिक्षक माना खाली घालून आपापली नखं बघत बसले होते. रोजचंच होतं ते, आणि हसायची सोय नव्हती.

भांडणाचं कारण सरांच्या ऑफिसात भिंतीवर टांगलेलंच होतं. दहावीच्या एका जुन्या बॅचचा ग्रुप फोटो. मागे बाकांवर उभी मुलं, पुढे खुर्च्यांवर शिक्षक, मधोमध सर, आणि सरांच्या उजव्या हाताला एक रिकामी खुर्ची. खुर्चीवर बाईंची पर्स. सगळे बसल्यावर सातवी ब मध्ये दंगा सुरू झाला म्हणून बाई उठून गेल्या, आणि सर फोटोग्राफरला म्हणाले, “घ्या हो, ऊन चाललं.” बाई परत आल्या तेव्हा पोरं बाकांवरून उड्या मारून पांगलीसुद्धा होती. पुन्हा एक काढू, असं सर तोंडदेखलं म्हणाले असते तरी विषय तिथेच मिटला असता. पण सर काय म्हणाले? “तुमची पर्स आलीय ना फोटोत, झालं तर मग!”

त्यानंतर बाई सरांशी एक अक्षर बोलल्या नाहीत. सरांनाही ताठा होताच, तेही बोलले नाहीत. बाईंनी तो फोटो भिंतीवरून काढू दिला नाही, आणि शाळेत पुन्हा ग्रुप फोटो निघाला नाही. दोघांना शेजारी बसवणार कोण? दहावीची पोरं बापडी एकमेकांना पासपोर्ट फोटो देऊन आठवण ठेवत.

निरोप्याचं काम माझ्याआधी चित्रकलेच्या जगदाळे सरांकडे होतं. ते गृहस्थ भलते प्रामाणिक. ऐकलेला शब्द न् शब्द, आवाजाच्या चढउतारासह पोचवायचे. परिणामी एकदा डस्टर फेकण्यापर्यंत मजल गेली, आणि तो लागला जगदाळे सरांनाच. ते निवृत्त झाले आणि मी रुजू झाले. मी नवी, कुठल्याच गटातली नाही, आणि मुख्य म्हणजे शिक्षणसेवक. शिक्षणसेवकाला नाही म्हणायची सोय नसते. तीन वर्षं नुसतं राबायचं, वर हसतमुख राहायचं, आणि मग संस्थेची मर्जी झाली तर कायम व्हायचं.

कायम होण्यासाठी मुख्याध्यापक आणि पर्यवेक्षिका, दोघांचाही शेरा चांगला लागे. इथेच सगळी गोची होती. सरांनी ज्याला चांगलं म्हटलं त्याला बाई पाण्यात पाहत, आणि बाईंनी ज्याला डोक्यावर घेतलं त्याच्या पाठाला सर मुद्दाम मागच्या बाकावर येऊन बसत. माझ्या आधीचे शिक्षणसेवक याच जात्यात भरडून घरी गेले होते.

आणि मला घरी जायचं नव्हतं. घर म्हणजे भावाचं घर. त्यानं माझ्यासाठी खताचा एक दुकानदार हेरून ठेवला होता. बिजवर, गालात कायम तंबाखूची गोळी. मला पाहायला आला तेव्हा त्यानं एकच प्रश्न विचारला होता, “दुकानात बसाल ना? नोकर फार फसवतात हो.” मी भावाशी करार केला होता. मी कायम झाले तर लग्नाचा विषय माझ्या मर्जीचा. नाही झाले तर वैशाखात खताच्या गोणीवर अक्षता पडणार. वहिनीनं उत्साहानं शालूसुद्धा बघून ठेवला होता.

तेव्हा मला दोघांनाही खूश ठेवणं भाग होतं. एका खोलीत असताना काही करता येत नसे, तिथे पोपटपंचीच. पण सरांचं ऑफिस आणि बाईंची खोली यांच्यामध्ये एक लांबलचक व्हरांडा होता, आणि त्या व्हरांड्यात माझं राज्य होतं.

सर गरजायचे, “त्यांना म्हणावं, हे वेळापत्रक आहे की भेळ? आठवी अ ला पाठोपाठ दोन तास गणित!”

मी व्हरांडा ओलांडायची. “बाई, सर म्हणत होते, तुमच्यासारखं वेळापत्रक जिल्ह्यात कुणी लावत नाही. तेवढे आठवी अ चे गणिताचे तास सुटे करता येतील का, बघा म्हणाले.”

बाई चष्मा वर करायच्या. “असं म्हणाले? हं. करते. पण सांग त्यांना, पंखा लावून नुसतं बसणाऱ्यानं दुसऱ्याच्या चुका काढू नयेत.”

मी पुन्हा व्हरांडा ओलांडायची. “सर, बाई लगेच करतायत. म्हणाल्या, तुमच्या नजरेतून काही सुटत नाही.”

सर मिशीवरून बोट फिरवायचे आणि चहा मागवायचे. मलाही अर्धा कप मिळे.

मला कुणी खोटारडी म्हणेल. म्हणू दे! ती शाळा तीन वर्षं धड चालली ती माझ्या जिभेवर. पुरावा हवा असेल तर तिसऱ्या वर्षी डिसेंबरात मला ताप आला होता, तेव्हाचं सांगते. मी दोन दिवस घरी पडून होते. तेवढ्यात सरांनी शाळेला सुट्टी जाहीर केली आणि बाईंनी त्याच दिवशी सहामाहीचा राहिलेला पेपर ठेवला. निम्मी पोरं गणवेशात, पॅड घेऊन हजर. निम्मी मंगळवारच्या बाजारात भेळ खात. पालक चिडून थेट संस्थेचे सचिव दादासाहेब गुंजाळ यांच्या बंगल्यावर गेले.

मला बरं वाटल्यावर दादासाहेबांनी बोलावून घेतलं. ते झोपाळ्यावर बसले होते.

“त्या दोघांच्या मधे तू असतेस ना गं?”

“हो, दादासाहेब.”

“मग ऐक. पुण्याहून एक माणूस आणतोय. मोठ्या मोठ्या कंपन्यांतली भांडणं मिटवतो म्हणे. दिवसभर कार्यशाळा घेणार. तू त्याला मदत कर. हे दोघं एकदा तोंड उघडून बोलले पाहिजेत. आणि तुझ्या कायमचं म्हणशील, तर मला दोघांच्या सह्यांचा एकच शेरा पाहिजे. एक! दोन दिशांचे दोन कागद आले, तर तू तुझ्या घरी. मला आता या शाळेतून दोन दोन गोष्टी नकोत.”

मी घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. म्हटलं, मिटवा बाबा यांचं काहीतरी.

पुण्याचा माणूस आला. नाव मंदार राजवाडे. खादीचा कुडता, त्यावर बिनबाह्यांचं जाकीट, आणि चेहऱ्यावर असं हसू, जे कशानंही मावळत नव्हतं. त्यानं वर्गातली बाकं बाहेर काढायला लावून खुर्च्यांचा गोल केला आणि फळ्यावर लिहिलं, ‘नेतृत्व, संवाद आणि संघर्ष-निराकरण’. गोलाच्या मागे, भिंतीशी दादासाहेब फेटा मांडीवर ठेवून बसले होते. पहिल्या दहा वाक्यांतच त्यांना डुलकी लागली.

“मित्रहो,” राजवाडे म्हणाले, “संघर्ष ही अडचण नाही. संघर्ष ही संधी आहे!”

“मग आमच्याकडे संधीच संधी आहे,” मराठीचे मोहिते सर माझ्या कानाशी पुटपुटले.

राजवाड्यांनी पिशवीतून लोकरीचा एक मोठा गुंडा काढला. ज्याच्या हाती गुंडा येईल त्यानं धाग्याचं टोक धरून ठेवायचं, गुंडा दुसऱ्याकडे टाकायचा आणि त्याच्याविषयी एक चांगला शब्द बोलायचा. म्हणजे माणसांमधलं नातं डोळ्यांना दिसतं म्हणे. गुंडा फिरत फिरत सरांकडे आला.

“सर, आता बाईंकडे टाका,” राजवाडे म्हणाले.

सरांनी गुंडा माझ्या हातात दिला. “दळेबाई, यांना द्या.”

“नाही नाही सर, थेट टाकायचा. थेट संवाद!”

“दळेबाई, यांना सांगा, की मी थेट देतोय.”

“बाई,” मी म्हणाले, “सर थेट देतायत.”

“सांग त्यांना, मिळाला,” बाई म्हणाल्या, आणि त्यांनी गुंडा माझ्याच हाती परत दिला. “आता त्यांना दे.”

असं चारदा झालं. लोकर माझ्या मनगटाला, कोपराला, शेवटी गळ्याला गुंडाळली गेली. दोघं मोकळे, मी मधोमध बांधलेली. राजवाडे उत्साहानं फोटो काढत होते.

दुपारच्या जेवणानंतर खरा प्रकार झाला. राजवाड्यांनी सर आणि बाईंना समोरासमोर बसवलं, मला मध्ये. म्हणाले, “आता एकच करायचं. समोरच्यानं आपल्याबद्दल कधीतरी काढलेला एक चांगला उद्गार आठवायचा. कितीही जुना असू द्या.”

पंखा तेवढा कुरकुरत होता. मग सोनटक्के बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, आणि कधी नव्हे त्या मऊ आवाजात म्हणाल्या, “रोहिणी, सांग त्यांना. एकदा निरोप आला होता, की माझ्यासारखं वेळापत्रक जिल्ह्यात कुणी लावत नाही. मी बोलून दाखवलं नाही. पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं होतं. घरी जाऊन आमच्या ह्यांनाही सांगितलं मी.”

अगं बाई गं! आजवर कधी या दोन निरोपांची गाठ पडेल, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

“सांगा ना, दळे मॅडम,” राजवाडे हसत म्हणाले.

“सर,” मी अडखळत म्हणाले, “बाई म्हणतात, तुम्ही त्यांच्या वेळापत्रकाचं कौतुक…”

“मी?” सर खुर्चीत सावरून बसले. “यांना विचारा, मी कधी असं म्हणालो? मी भेळ म्हणालो होतो. भेळ!”

“बाई, सर म्हणतात…”

“भेळ?” बाईंनी निरोप पोचायची वाटसुद्धा पाहिली नाही, पण बोलल्या मात्र माझ्याकडेच बघून. “यांना विचार, मग ते म्हणालं कोण?”

“आणि यांना हेही विचारा,” सरांचा आवाज चढला, “की माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असं त्या म्हणाल्या होत्या ना?”

“मी? मी तर पंख्याखाली बसणारा म्हणाले होते!”

मग दोघंही थांबले. दोघांच्या माना हळूहळू माझ्याकडे वळल्या. खोलीतल्या सगळ्यांच्याच वळल्या. मोहिते सरांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर पळाले.

“दळेबाई,” सर शांतपणे म्हणाले, “यांना सांगा. जी व्यक्ती वरिष्ठांच्या तोंडी नसलेले शब्द घालते, ती या शाळेत कायम होणं शाळेच्या हिताचं नाही.”

मी सांगितलं. काय करणार? “बाई, सर म्हणतात, मी कायम होणं शाळेच्या हिताचं नाही.”

“सांग त्यांना,” बाई म्हणाल्या, “पहिल्यांदा काहीतरी शहाणपणाचं बोललात. मी पूर्ण सहमत आहे.”

“सर, बाई सहमत आहेत.”

“सहमती!” राजवाडे उडी मारून उठले. “मित्रहो, आपण काय पाहिलं? सहमती! दोघांना समान भूमी सापडली! टाळ्या!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांच्या आवाजानं दादासाहेब जागे झाले. “जमलं का?”

“जमलं, दादासाहेब!”

“छान. मग उद्या दुपारपर्यंत दोघांच्या सह्यांचा एक शेरा माझ्याकडे. या मुलीच्या बाबतीत काय ठरलं असेल ते.” आणि फेटा डोक्यावर ठेवून ते निघून गेले.

संध्याकाळी मी घरी सांगितलं. भाऊ सरळ फोनपाशी गेला. “हां, नमस्कार. वैशाखातला मुहूर्त बघायला हरकत नाही,” असं त्याचं बोलणं मला स्वयंपाकघरात ऐकू येत होतं. वहिनी म्हणाली, “हिरमुसू नका हो. दुकान चालतंय चांगलं.” मला रडू फुटलं. रागानं फुटलं. तीन वर्षं ज्या दोघांना मी गोड शब्दांवर पोसलं, त्यांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, ते मला हाकलण्यावर!

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला सरांनी बोलावलं. पुढ्यात कोरा कागद होता. “त्यांना सांगा, शेरा मी लिहितोय. ‘वर्तन अविश्वासार्ह’. त्यांनी खाली सही करायची.”

सवयीनं मी व्हरांड्यात आले आणि सवयीनंच शब्द घोळवायला लागले. बाई, सर विचारतायत, तुम्हाला हे योग्य वाटतं का… आणि मध्येच थांबले. मनात म्हटलं, रोहिणी, आता कशाला? आता कुणाचं भलं करायचंय तुला? ज्या गोडव्यानं नोकरी गेली, तो गोडवा बंद. आज जगदाळे सर व्हायचं. शब्द न् शब्द, चढउतारासह.

“बाई, सर म्हणतात, शेरा मी लिहितोय. ‘वर्तन अविश्वासार्ह’. त्यांनी खाली सही करायची.”

“करायची?” बाईंच्या भुवया वर गेल्या. “मी काय रबरी शिक्का आहे? त्यांना सांग, तास मी बघितलेत, शेरा मी लिहिणार. आणि ‘अविश्वासार्ह’ काय? ‘आगाऊ’ लिहायचं. मुख्याध्यापकांना साधं मराठी येत नसेल तर मोहित्यांची शिकवणी लावा म्हणावं.”

मी गेले आणि तसंच सांगितलं. शिकवणीसकट.

सरांच्या नाकाला मिरची झोंबली. “म्हणावं, मराठी मला शिकवू नका. सातवी ब ज्यांना आवरत नव्हती, त्यांनी मला शहाणपण सांगू नये.”

मी तेही पोचवलं. सातवी ब चं नाव निघताच बाई उभ्याच राहिल्या. एरवी असं काही कानावर आलं असतं तर मी ते व्हरांड्यातल्या कुंडीत पुरून टाकलं असतं.

“सातवी ब?” त्या म्हणाल्या. “त्यांना सांग, सातवी ब आवरायला गेले म्हणून तर ती खुर्ची रिकामी राहिली. खऱ्या मुख्याध्यापकानं पर्यवेक्षिकेसाठी दोन मिनिटं थांबवलं असतं सगळ्यांना.”

मी पुन्हा गेले. व्हरांड्यात आता वर्गावर्गाच्या दारांतून शिक्षक डोकावत होते. मी कुणाकडे बघितलं नाही.

सरांनी ऐकून घेतलं, एकदा भिंतीवरच्या फोटोकडे बघितलं आणि म्हणाले, “सांगा त्यांना. त्या रिकाम्या खुर्चीमुळे शाळेचं काहीही अडलं नाही. उलट फोटो बरा आला.”

हे वाक्य मी दोन्ही हातांनी सांभाळून नेलं. एक अक्षर सांडू दिलं नाही.

बाई बसल्या. ड्रॉवरमधून कोरा कागद काढला आणि भराभरा लिहायला लागल्या. लिहिताना त्यांचे ओठ थरथरत होते. मला क्षणभर त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू? मग त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. लिहिलं होतं, ‘अध्यापन उत्कृष्ट. वर्तन आदर्श. कायम करण्यात यावे, अशी आग्रहाची शिफारस.’ खाली ठसठशीत सही.

“बाई, हे…”

“फार शेफारू नकोस. तू मला अजिबात आवडत नाहीस,” बाई म्हणाल्या. “पण त्यांना तू नको आहेस ना? मग तू राहायचंस. रोज त्यांच्या डोळ्यांसमोर फिरायचंस. जा, दाखव त्यांना. आणि सांग, दुपारी हा कागद दादासाहेबांकडे जाणार. सही करायची असेल तर करा, नाहीतर मी एकटीची सही घेऊन जाते.”

सरांनी तो कागद दोनदा वाचला. आधी लाल झाले, मग एकदम शांत. मान हलवत राहिले.

“अस्सं! म्हणजे काल ठरवायचं एक, आणि आज मला उघडं पाडायचं. मी सही केली नाही, की दादासाहेबांना दिसणार, बाई बिचाऱ्या जुळवून घेतायत आणि बोरावकेच आडमुठा. वा वा! चाल कळली.” त्यांनी पेनचं टोपण काढलं. बाईंच्या ‘उत्कृष्ट’च्या आधी ‘अति’ घातलं. ‘आदर्श’पुढे ‘व अनुकरणीय’ जोडलं. मग बाईंच्या सहीच्या वर, जेमतेम जागा होती तिथे, तिच्या दुप्पट आकाराची सही केली. “आता घेऊन जा म्हणावं कुठे न्यायचा तो!”

मी कागद छातीशी धरून व्हरांड्यात आले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. त्या दिवशी मी एक शब्द खोटा बोलले नव्हते.

दादासाहेबांनी कागद वाचला आणि राजवाड्यांना फोन करून त्यांचं अभिनंदन केलं. महिनाअखेरीला माझी कायम झाल्याची ऑर्डर आली. भावानं खताच्या दुकानदाराला कळवलं. वहिनी नंतर कितीतरी दिवस शालूच्या दुकानावरून जाताना सुस्कारे टाकायची.

आणि मग फेब्रुवारीत दहावीचा निरोप समारंभ आला. दादासाहेबांचा हुकूम सुटला, यंदा ग्रुप फोटो झालाच पाहिजे, भांडण मिटलंय ना? राजवाड्यांनाही खास बोलावलं होतं. पोरं बाकांवर चढली, बाकीचे शिक्षक खुर्च्यांवर बसले. मधोमध सर, त्यांच्या उजव्या हाताला बाई. मी त्या दोघांच्या मागे उभी. जागा अशी की दोघांच्याही कानाशी माझं तोंड. राजवाडे फोटोग्राफरच्या शेजारी हसत उभे होते.

“रेडी?” फोटोग्राफर ओरडला.

तेवढ्यात सरांनी मान जराशी मागे केली. “दळेबाई, यांना सांगा, खुर्ची थोडी पलीकडे घ्या. माझा खांदा झाकला जातोय.”

माझ्या पर्समध्ये ऑर्डर होती. मी ती रोज बरोबर बाळगायची तेव्हा, उगाच हात लावून बघायला. मी पर्सवर हात ठेवला आणि म्हणाले, “सर, बाई तुमच्या शेजारी बसल्यात. तुम्हीच सांगा.”

मोहिते सरांनी डोळे मिटून घेतले. सरांची मान तशीच अडकून राहिली. बाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, वरपासून खालपर्यंत. मग त्या हळूच डावीकडे वळल्या. सर उजवीकडे वळले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं.

“बघितलंत, सर?” बाई म्हणाल्या. “कायम झाल्या, की लगेच जीभ सुटते यांची.”

“अगदी माझ्या मनातलं बोललात, बाई,” सर म्हणाले.

आणि फोटोग्राफरनं बटण दाबलं.

तो फोटो आजही शाळेत जुन्या फोटोच्या शेजारी टांगलेला आहे. दोघं एकमेकांकडे वळून, तोंडं उघडी, जणू जुने स्नेही मनापासून गप्पा मारताहेत. मागे मी, हसू दाबत. राजवाड्यांनी तोच फोटो पुढे आपल्या कार्यशाळेच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर छापला आणि खाली लिहिलं, ‘थेट संवादाचा विजय’.

खोटं नव्हतं ते. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत सर आणि बाई एकमेकांशी रोज, तासन्‌तास, थेट बोलत असत. चहाही एकत्रच घ्यायचे. मी स्टाफरूमच्या दारात दिसले, की दोघंही गप्प व्हायचे.